तिसऱ्या मजल्यावरची किटली

लॉकर गरम होता.

बुटात गेलेला खडा काढायला ब्रॉनविन एका पायावर उभी राहिली, तोल सावरायला तिने डावा तळवा भिंतीतल्या लॉकरच्या दारावर टेकवला, आणि दार गरम लागलं. चटका बसावा इतकं नव्हे. ताप आलेल्या पोराचं कपाळ लागतं तेवढंच. तिने हात काढून घेतला, पुन्हा ठेवला. शेजारचं दार गार होतं, त्याच्या पलीकडचंही. राखी रंगाची ही दारं तिनेच निवडली होती, आणि प्रत्येक दारामागे फोन चार्ज करायला एक प्लग असावा हा हट्टही तिचाच. पण फोन काही एवढा तापत नाही. आतून बारीक घरघर येत होती. ती वाढत वाढत गेली, मग टक् असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं. खडा बुटातच राहिला.

ब्रॅम्बल वॉटर ह्या पाणीपुरवठा कंपनीचं हे नवं ऑफिस उघडून पहिला हिवाळा सरत आला होता, आणि ब्रॉनविन आज आली होती ती आपल्याच कामाला गुण द्यायला. ऑफिसं आखून देणं हा तिचा धंदा. माणसं कुठे बसतील, कुठून चालतील, कोण कोणाला दिसेल हे नीट ठरवलं की कंपनीचं काम सुधारतं, असं ती वर्षानुवर्षं सांगत आली होती आणि ऐकणारे माना डोलवत आले होते. खरं सांगायचं तर माना डोलवणाऱ्यांच्या टेबलांना कधी हात लागत नसतो. ह्या इमारतीचे फोटो मासिकात आले होते. विशेषतः पहिल्या मजल्यावरचं चहाघर: लांबच लांब लाकडी ओटा, समोर काच, काचेपलीकडे डरवेंट नदी आणि पूल. सगळ्या मजल्यांवरचे छोटे ओटे काढून तिने हे एकच मोठं केलं होतं. माणसं चहाला खाली येतील, एकमेकांना भेटतील, बोलतील, बोलण्यातून नव्या कल्पना निघतील. अकरा वाजता ती हेच सगळं मर्व्हिनला, म्हणजे कंपनीच्या साहेबाला, पडद्यावर दाखवणार होती. त्याआधी एकदा मजले फिरून यावेत म्हणून ती लवकर आली होती. आणि आता आपल्याच भिंतीला ताप आलेला पाहून ती तिथे एका पायावर उभी होती.

"सापडलं वाटतं बाईसाहेबांना," मागून आवाज आला. ही जोसलिन. तिसऱ्या मजल्यावर बिघाडाच्या तक्रारींचे फोन घेणारी आठ माणसं बसत, त्यांची ती मुख्य. अंगात हाताने विणलेला स्वेटर, गळ्यात लोंबणारा हेडफोन.

"काय आहे गं आत?"

"माझी अब्रू," जोस म्हणाली आणि तिने दार उघडलं. आत एक पांढरी किटली होती आणि मागे जुने कप. मुठीला चिकटपट्टी गुंडाळलेली, तोंडातून वाफ, आणि वरच्या फळीचं राखी अस्तर वाफेने फुगून आलेलं. वायरीवर वीज-तपासनिसाची रंगीत पट्टी नव्हती. अशी पट्टी नसलेली साधी दिव्याची वायरसुद्धा ऑफिसात सापडली तर मर्व्हिन मजलाभर पत्रक काढायचा. "पाणी घरून आणते बाटलीत. एका वेळी दोन कप होतात. ज्याला फारच नड असेल त्याने घ्यायचे, चोरासारखे. आता तू सांगणार का मर्वला?"

"अगं, पण खाली एवढं मोठं चहाघर करून दिलंय ना तुम्हाला?"

"सुंदर आहे ते. माझ्या बहिणीला खास दाखवायला आणलं होतं मी. पण खाली जायचं तर फोन सोडावा लागतो. आणि वर आणायचा तर माणशी एकच कप, तोही झाकण लावून. जिन्याला तीच पाटी, लिफ्टला तीच पाटी. तो घसरून पडणारा माणूस काढलाय ना तू त्यावर, हातातला कप उडालेला? बिचारा उघडल्या दिवसापासून पडतोच आहे." ती हसली, आणि मग हसू एकदम मावळलं. "सांगू नकोस, ब्रॉन. आधीच आमच्या पायाखालची वाळू सरकलीय. फोनचं काम मेलबर्नच्या कंपनीकडे जाणार. मर्वने कागद तयार ठेवलेत."

ब्रॉनविनला हे ठाऊक नव्हतं. कशासाठी, असं तिने विचारलं.

"कशासाठी काय, एकाच खड्ड्यावर दुरुस्तीच्या दोन दोन गाड्या जातात म्हणून. एक गडी खड्ड्यात उतरून चिखल उपसतोय, आणि वरून दुसरा विचारतोय, काय रे, तू इथे कसा? त्याच वेळी पलीकडच्या टेकडीवर लोकांच्या बादल्या कोरड्या. पेपरात फोटो आला. माझ्या नवऱ्याने तो फ्रिजवर लावला, मेल्याने." जोसने किटलीतलं पाणी एका कपात ओतलं. "मर्वचं तरी काय चुकलं? आम्ही थकलो गं. वयं झाली. जुन्या ऑफिसात असं कधी व्हायचं नाही, पण तेव्हा आम्ही जरा तरुण होतो."

"तरुण? मागच्या उन्हाळ्यात?"

तेवढ्यात जोसच्या हेडफोनमध्ये घंटा वाजली आणि ती कप तसाच टाकून जागेवर धावली. "ब्रॅम्बल वॉटर, जोसलिन बोलतेय, बोला ना."

ब्रॉनविन एका रिकाम्या टेबलाशी बसली. इथे कुणाचंही टेबल कुणाचं नव्हतं, त्यामुळे बसायला परवानगी लागत नव्हती. तिच्या दोन्ही बाजूंना जाड लोकरी कापडाचे उंच आडोसे होते. आडोशात बसल्यावर कानाला दडे बसल्यासारखं होतं, बाहेरची बोलणी दूर जातात. मागच्या वर्षी ह्याच माणसांनी सांगितलं होतं की फार गोंगाट होतो, पलीकडच्याचं ऐकू येतं, आपल्याच फोनवरचं कळत नाही. मागितलं ते तिने दिलं होतं. आठ माणसं आठ कोनाड्यांत, देवळातल्या मूर्तींसारखी, कुणी कुणाकडे न बघता. काम चाललं होतं, आवाज नव्हता, गर्दी नव्हती. फोटोत हे फार छान दिसलं होतं. खिडकीतून डोंगरमाथ्यावरचा बर्फ दिसत होता. रात्री कडक थंडी पडली होती, म्हणजे आता ऊन चढेल तसे नळ फुटल्याचे फोन वाढत जाणार. जुनं ऑफिस तिच्या डोळ्यांसमोर आलं. चहाच्या डागांचा तपकिरी गालिचा, जोडून लावलेली टेबलं, आणि कोपऱ्यात लोखंडी कपाटावर किटली. ही नव्हे, मोठी, भोंगा फुटल्यासारखी ओरडणारी. आखणी करण्याआधी ब्रॉनविन कितीतरी सकाळी तिथल्या कोपऱ्यात स्टूल टाकून बसली होती. कोण केव्हा उठतो, कुठे जातो, किती वेळ रेंगाळतो, सगळं बघत. धंद्याची ती रीतच होती. आणि नेव्हिल नावाचा तो उंच, वाकलेला माणूस सतत किटलीशी उभा दिसायचा. चहा करून झाल्यावरही तो सरळ जागेवर जात नसे. कप हातात घेऊन ह्याच्यामागे थांब, तिच्यामागे थांब, नकाशापाशी थांब. वाया जाणारा वेळ, असं तिने मनाशी म्हटलं होतं, आणि नव्या आराखड्यात तो वेळ वाचवल्याचा तिला अभिमान वाटला होता.

किटलीच्या वासानेच असेल, किंवा फुगलेल्या फळीच्या ओल्या लाकडाच्या वासाने असेल, ह्यूअनच्या खोऱ्यातली सफरचंदांची शेड तिला आठवली. आई तिथे हंगामात फळं बांधायला जायची. लाकडी खोक्यांचा तोच वास, बोटं गारठून लाल झालेल्या बायका, आणि दहाचा भोंगा झाला की चहा. मोठी इनॅमलची चहादाणी आईच्या हातात असे. ती काही मुकादम नव्हती, तिला कुणी नेमलंही नव्हतं, पण चहा तीच ओतायची. ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ती चालत जायची, आणि लहानगी ब्रॉन तिच्या कोटाला धरून मागे मागे. आई प्रत्येकीशी एखादं वाक्य बोलायची. पावसाचं, पोराच्या खोकल्याचं, कुठल्या बागेतून डागी फळ येतंय त्याचं. टोकाला पोचेपर्यंत सगळ्या शेडला सगळं कळलेलं असायचं. बायका चेष्टा करायच्या, "आली गं आली, वर्तमानपत्र आलं, साखर किती घालतंय बघा." ब्रॉनला त्याची लाज वाटे. आपली आई चहा वाटते, हे तिने होबार्टच्या कॉलेजात कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे तर प्राध्यापक शिकवायचे की माणसं एकमेकांवर आदळतील अशा वाटा आखा, आदळण्यातून विचारांच्या ठिणग्या पडतात. ब्रॉनने वह्याच्या वह्या भरून वाटा आखल्या. माणसं आदळण्यासाठी वाटा. आईच्या चहाच्या वाटेवर कुणी कुणावर आदळल्याचं मात्र तिला आठवेना. आई नुसती प्रत्येकीपाशी थांबायची.

पलीकडच्या कोनाड्यात नेव्हिल कुणा म्हातारीला धीर देत होता. त्याचा आवाज कापडातून गाळून येत होता. घरी ब्रॉनने सगळ्या भिंती पाडल्या होत्या. स्वयंपाकघर, बैठक, जेवणाचं टेबल, सगळं एक. उजेडच उजेड. पाहुणे वाहवा करत. तिची मुलगी रोवन सोळा वर्षांची होती तेव्हा एकदा अंगणात उभ्या असलेल्या बंद गाडीत बसून रडताना दिसली. काच ठोठावल्यावर तिने काच खाली केली आणि म्हणाली, "आई, घरात कुठे रडायचं ते सांग." ब्रॉन त्यावर हसली होती. वयाचं खूळ, म्हणाली होती. रोवन आता पर्थला असते, फोन करते, चांगलं बोलते. पण ते वाक्य तिच्या बुटातल्या खड्यासारखं राहिलं होतं, चालता येतं पण विसरता येत नाही. जिथे दार हवं होतं तिथे तिने मोकळं केलं, आणि इथे जिथे मोकळं हवं होतं तिथे कापडाचे आडोसे उभे केले. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार? तिला लाज वाटली, खरीखुरी, कानाच्या पाळ्या तापवणारी. आणि लाजेच्या बरोबरीने, काही कारण नसताना, थोडा आनंदही झाला. कारण आता तिला नेव्हिल दिसत होता. कप घेऊन ह्याच्यामागे थांबलेला, तिच्यामागे थांबलेला. तो वेळ वाया घालवत नव्हता. चहा देता देता तो ऐकत होता. इकडे कुणी लीना व्हॅलीतल्या एका रस्त्याचं नाव घेतलं, तिकडे कुणी खालच्या गल्लीतल्या कोरड्या नळाचं बोललं, की नेव्हिल दोन्ही कप हातात धरून म्हणायचा, अरे, हे एकच आहे. आणि एकच गाडी जायची. नेव्हिलला स्वतःलाही ते ठाऊक नसणार, कारण तो चहाच करत होता. दर वेळी वेगळं कुणी उठायचं, फक्त नेव्हिलला चहा जास्त लागायचा.

तिने किटली घालवली होती, मग आडोसे उभे केले होते, मग जिन्यावर पाटी लावली होती. तिन्ही गोष्टी चांगल्या हेतूने, तिन्ही फोटोत छान. आणि आता तीन चांगल्या गोष्टींच्या मधोमध आठ माणसं स्वतःला म्हातारी समजायला लागली होती. अकरा वाजत आले होते.

मर्व्हिन खाली काचेच्या खोलीत बसला होता. सगळे तिला मत्स्यालय म्हणत, तोही म्हणे. पडदा तयार होता, शेजारी ताटलीत खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकचे चौकोनी तुकडे. ब्रॉनने पडदा चालू केला नाही.

"मर्व, फोनचं काम मेलबर्नला पाठवू नकोस."

"तुला कुणी सांगितलं? जोसने? तिच्या तोंडाला झाकण असतं तर जिन्यावरून नेता आली असती." तो स्वतःच्या विनोदावर खुश झाला. मग म्हणाला, "हे बघ, मला काय हौस आहे का? जोसच्या लग्नात मी नाचलोय. पण काम बिघडलंय. तुझ्या नव्या जागेत सगळे मजले सुधारले, तेवढा तिसरा घसरला. म्हणजे दोष माणसांत आहे, नाही का?"

हे तो तिच्या बाजूने बोलत होता. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. इथून पुढे तिला लॉन्सेस्टनचं ऑफिस मिळालं असतं, मग बर्नीचं, हाच आराखडा, हेच चहाघर. तिला भीती वाटली, आणि ती लपवायची कशी हे काही तिला सुचेना.

"दोष जागेत आहे," ती म्हणाली. "म्हणजे माझ्यात. माणसं तीच आहेत, मर्व. मी त्यांचं ऐकणं काढून घेतलं."

"ऐकणं? गोंगाट होतो म्हणून ओरडत होते ना तेच?"

"ओरडत होते. मीही तेवढंच ऐकलं." मग तिने किटलीचं सांगितलं, नेव्हिलचं सांगितलं, आईचं मात्र नाही सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच ते इतकं लहान वाटायला लागलं, की मर्व्हिन हसला तेव्हा तिला राग आला नाही.

"म्हणजे एवढी कोट्यवधींची इमारत, आणि औषध काय, तर किटली?"

"किटली, तिच्यासाठी नळ आणि बेसिन, आणि ते आडोसे खांद्यापर्यंत कापायचे. पुढच्या थंडीपर्यंत थांब. नाही सुधारलं तर सही कर, आणि लॉन्सेस्टनला दुसरा कुणी आखणारा बघ. माझ्या अहवालात मी हेच लिहिणार आहे."

"कुणी वाचलं तर तुला काम देणार नाही."

"नाही देणार."

मर्व्हिनने लॅमिंग्टनचा तुकडा उचलला, पुन्हा ठेवला. बोटांना लागलेला खोबऱ्याचा कीस तो बराच वेळ झटकत राहिला. "तू हट्टी आहेस," तो शेवटी म्हणाला. "किटली दाखव. पट्टी नसेल तर जप्त करणार, आधीच सांगतो."

तिसऱ्या मजल्यावर ऊन चढलं होतं आणि फोन सुरू झाले होते. आठही जणांच्या कानाला हेडफोन, आठही जण बोलत होते. जोसने दोघांना येताना पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. 'सांगितलंस ना शेवटी,' असं ती डोळ्यांनी म्हणाली. तोंडाने ती कुणाला तरी मुख्य नळ बंद करायला शिकवत होती. ब्रॉनला तिला समजावायला वेळ नव्हता. तिने लॉकर उघडला, बाटलीतलं उरलेलं सगळं पाणी किटलीत ओतलं आणि बटण दाबलं. मर्व्हिनने वायर हातात घेऊन उलटसुलट पाहिली. पट्टी नव्हतीच. तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात ब्रॉन मधल्या वाटेत जाऊन उभी राहिली आणि आईने शेडमध्ये दिली असती तशी हाक दिली.

"चहा कोणाला?"

कुणी वळलं नाही. वळता येतच नव्हतं. पण आडोशांच्या वर एक हात आला, दोन बोटं उभी. मग दुसरा, एक बोट. तिसरा नुसता तळवा हलवत, साखर नको. नेव्हिलचा लांब हात छताकडे गेला, चार बोटं. आणखी एक, आणखी एक. जुन्या ऑफिसातली ही भाषा ब्रॉनने त्या सगळ्या सकाळी पाहिली होती आणि तिला ती हातवाऱ्यांची गंमत वाटली होती. कुणीही ती विसरलं नव्हतं. जोस मात्र अजून तिच्याकडे बघत होती, एक हात फोनवर. मग तिनेही हात वर केला, बोट एक, आणि अर्धं दुमडलेलं दुसरं.

"दीड," मर्व्हिन पुटपुटला. "हिला दीडच लागते. पहिल्यापासून." त्याने लॉकरमधले कप काढले, कुणाचा कुठला ते त्याला ठाऊक निघालं. एका वेळी दोनच होत होते, म्हणून तो दोन दोन करून वाटायला लागला. साहेबाने चहा वाटायचा म्हणजे आधी थोडा तमाशा होणारच. तो कंबरेत वाकून कप ठेवी आणि 'महाराणी, चहा' म्हणे. मग पाणी संपलं. ब्रॉन बाटली घेऊन खालून भरून आली, तोवर त्याचा तमाशा ओसरला होता. पुढची खेप घेऊन तो नुसता चालत होता. नेव्हिलच्या मागे कप ठेवायला तो थांबला, आणि थांबूनच राहिला.

"शाळेच्या मागची उतरण," नेव्हिल फोनमध्ये म्हणत होता. "फाटकापाशी पाणी उसळतंय, बरोबर? गाडी पाठवतो, काळजी करू नका."

मर्व्हिनच्या दुसऱ्या हातात जोसचा कप होता. त्याने मान वळवली. तीन कोनाडे पलीकडे जोस कुणाला तरी विचारत होती, नळ कधीपासून कोरडा, शाळेच्या खालच्याच अंगाला ना तुम्ही.

"जोस!" तो मजलाभर ओरडला, चहा सांडला, पत्रकं काढणाऱ्या माणसाने गालिच्यावर चहा सांडला. "जोस, तू गाडी पाठवू नकोस! नेव्हकडे तोच खड्डा आहे, हे एकच आहे!"

आठही डोकी आडोशांतून वर आली. जोसने फोनवरच्या बाईला जरा थांबायला सांगितलं, नेव्हिलकडे बघून भुवया उडवल्या, आणि मोकळी राहिलेली गाडी टेकडीवरच्या कोरड्या नळांकडे वळवली. मग हेडफोन कानावरून मागे सारला.

"मर्व," ती म्हणाली, "माझा चहा तुझ्या बुटावर आहे."

मर्व्हिनने बुटाकडे पाहिलं, मग हातातल्या अर्ध्या कपाकडे, मग ब्रॉनकडे. किटली पुन्हा घरघरायला लागली होती.

"मेलबर्नला फोन करतो," तो म्हणाला, "थांबा म्हणतो. पण आधी हिला दुसरा कप दे. दीड साखर."

ब्रॉनविनने कप घेतला. जोसच्या कोनाड्यापाशी जाताना तिला तो खडा पुन्हा टोचला. ती थांबली, आडोशाच्या काठावर हात टेकवून तिने बूट काढला, उलटा करून झटकला, आणि खडा टपकन गालिच्यावर पडला.